कॉइल जळते कशानं?

'कॉइल जास्त दिवस टिकवायची कशी?' हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर दोन तऱ्हेची मंडळी विचारतात. पहिली मंडळी गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून शिकायला येऊन नागपुरात रूम करून राहणारी. डिसेंबर लागला की यांचा पाण्याचा रॉड जळतो, नाहीतर चहाच्या सिगडीची तार तुटते. दुसरी मंडळी खिशात काहीतरी चमकदार घेऊन फिरणारी. त्यांची कॉइल म्हणजे व्हेपची. आठ दिवसांत 'जळका वास' यायला लागला म्हणून ती वैतागलेली असतात.

गंमत अशी, की दोघांच्या प्रश्नाचं शास्त्र एकच आहे. तारसुद्धा बरेचदा एकाच कुळातली असते. उत्तरं मात्र दोन निघतात, आणि ती का वेगळी निघतात हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा आधी रॉड आणि सिगडी, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची गरज तीच आहे. व्हेपकडे नंतर येऊच.

गुंडाळलेली तार

गांधीबाग म्हटलं की घरच्यांना कापड आठवतं आणि मेडिकलवाल्यांना औषधांचा ठोक बाजार. पण या भागातून इतवारीकडे पायी फिरलात, तर इलेक्ट्रिकच्या सुट्या सामानाची दुकानंही लागतात. तिथं काउंटरवर सिगडीची कॉइल मिळते. स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली, राखाडी रंगाची, मुठीत मावेल एवढी. बघून वाटत नाही, पण ही विसाव्या शतकातली मोठी करामत आहे.

त्याआधी विजेवर उष्णता निर्माण करण्यातली अडचण साधी होती. लोखंडाची तार तापवली की ती हवेत गंजून झडायची. महाग प्लॅटिनम परवडायचं नाही. १९०६ साली अमेरिकेत आल्बर्ट मार्श या धातुशास्त्रज्ञाला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. हेच आपलं नायक्रोम. टोस्टर, इस्त्री, सिगडी, हेअर ड्रायर ही सगळी मंडळी त्यानंतर घरोघर पोचली. पुढे स्वीडनमध्ये लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम मिसळून 'कँथल' नावाची तार निघाली. तिचं कामही तेच.

नायक्रोम टिकतं ते ते गंजत नाही म्हणून नव्हे. उलट, ते पहिल्यांदा तापतं तेव्हाच गंजतं. फक्त हा गंज शहाणा असतो. क्रोमियमचा पातळ, चिवट थर तारेवर बसतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. नवी चकचकीत कॉइल एकदा लावली की काळपट-हिरवट होते ना, तो हाच थर. घासून 'स्वच्छ' करायला जाऊ नका, ते तिचं चिलखत आहे.

आता मुद्द्याचं. कॉइलमध्ये वीज आली की उष्णता तयार होणारच, ती काही थांबत नाही. प्रश्न एवढाच, की ती उष्णता बाहेर जाते का? पाण्यात, भांड्यात, हवेत ती वाहून जात राहिली तर तार ठरावीक तापमानाला स्थिरावते आणि वर्षानुवर्षं चालते. जायला वाट राहिली नाही, तर तापमान चढत जातं, चिलखत तडकतं, तार पातळ होते आणि एक दिवस सगळ्यात पातळ जागी तुटते. थोडक्यात, कॉइलचा जीव जास्त वापरानं जात नाही, ती गुदमरून जाते. पुढचं जे काही सांगतो आहे, ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

बादलीतला रॉड

नागपूरची थंडी लोक हसण्यावारी नेतात, कारण उन्हाळ्याचं नाव मोठं. पण २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला जायचं असेल, तर बादलीतला रॉड हा चैनीचा विषय राहत नाही.

रॉडची नळी आतून कशी असते माहीत आहे? मधोमध नायक्रोमची बारीक कॉइल. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली. बाहेर तांब्याची नळी, तिच्यावर निकेलचा मुलामा. त्या पावडरीचं काम अजब आहे. ती वीज अडवते, पण उष्णता जाऊ देते. म्हणून तुम्ही पाण्यात वीज न सोडता पाणी तापवू शकता. या पावडरीच्या भरवशावर सकाळची अंघोळ चाललेली असते.

रॉड जळण्याचं पहिलं कारण म्हणजे तो कोरडा चालवणं. आधी बटण, मग पाणी. किंवा बादली अर्धीच भरलेली आणि रॉडचा वरचा वेटोळा हवेत. पाणी जितक्या झपाट्यानं उष्णता ओढून घेतं, तितकी हवा घेऊ शकत नाही, त्यामुळे उघडा भाग मिनिटभरात लाल होतो. रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते. पाणी तिथपर्यंत हवंच, आणि वरच्या टोपीला लागायला नको. उलट्या बाजूची चूक तर बहुतेक जण रोज करतात. बटण बंद केलं की लगेच रॉड बाहेर ओढतात. आतली कॉइल अजून तापलेलीच असते आणि तिची उष्णता आता कोरड्या नळीतच कोंडते. बटण बंद करा, पिन काढा, रॉड मिनिटभर पाण्यातच राहू द्या, मग काढा. एवढ्या एका सवयीनं रॉडचं आयुष्य वाढतं, आणि ते मिनिट तुम्ही टॉवेल शोधण्यात घालवणारच असता.

दुसरं कारण म्हणजे खार. नळीवर पांढरी, खरखरीत पुटं चढतात ती. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं, पण भाड्याच्या खोल्यांमध्ये आणि हॉस्टेलांत बरेचदा बोअरचं पाणी येतं, आणि ते जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार गार असताना दिसत नाही. पाणी तापलं की त्याचा चुना होतो, आणि तो बसतो सगळ्यात गरम जागी, म्हणजे रॉडच्या अंगावर. हा थर तांब्याच्या मानानं शेकडो पट मंद गतीनं उष्णता सोडतो. बाहेर पाणी कोमट आणि आत कॉइल भाजून निघते आहे, अशी अवस्था. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो असं वाटलं, तर दोष बहुधा थंडीचा नसून खाराचा असतो.

यावर उपाय किराणा दुकानात मिळतो. लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे टाका, पिन काढलेला गार रॉड त्यात तासभर उभा करा. बुडबुडे निघताना दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड. चुना विरघळतो आहे. टोपी आणि वायरची बाजू मात्र कोरडी ठेवा. मग नायलॉनच्या घासणीनं हलकेच घासा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. पांढरं व्हिनेगरही चालतं. खायचा सोडा चालत नाही. तो आंबट नाही, त्यामुळे चुन्याला काही करत नाही, व्हिडिओत कितीही फसफसला तरी. चाकूनं खरवडू नका, सँडपेपर लावू नका. मुलामा गेला की तांबं उघडं पडतं. आणि संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको, ते चुन्याबरोबर नळीही खातं. शिवाय रॉड लिंबूसताच्या पाण्यात असताना तो 'जरा' सुरू करून बघण्याचा मोह होतो. तो आवरा.

खार मुळातच कमी बसावा असं वाटत असेल, तर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवू नका. तापमान वाढेल तसा चुना जास्त बसतो. आपल्याकडे पद्धत अशी, की अर्धी बादली कढत करायची आणि मग गार पाणी मिसळायचं. त्यापेक्षा पूर्ण बादली अंगाला सोसेल इतकीच तापवा. हिशेब करून बघा: २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४३ अंशांपर्यंत न्यायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण २३ मिनिटं लागतात आणि वीज अर्ध्या युनिटहून थोडी जास्त. दोन्ही पद्धतींत विजेचं बिल जवळपास सारखंच येतं, रॉडचं आयुष्य मात्र सारखं राहत नाही.

आता थोडं थांबून वेगळं बोलू या. दर हिवाळ्यात हीटरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी पेपरात येते. हे सगळे रॉड काही कमी दर्जाचे नसतात. काही फक्त फार जुने झालेले असतात. नळीला केसाएवढी चीर गेली, की पाणी त्या पांढऱ्या पावडरीत शिरतं. पावडर ओली झाली की ती वीज अडवत नाही. आणि रॉड तरीही पाणी तापवत राहतो! म्हणजे 'चालू आहे' याचा अर्थ 'ठीक आहे' असा होत नाही. नळीवर हिरवा डाग, फुगवटा, चीर, टोपीजवळ काळं पडलेलं प्लास्टिक, पाण्याला हलकासा झिणझिणता स्पर्श, सुरू करताच खटका पडणं यातलं एकही दिसलं, की त्या रॉडचं आयुष्य वाढवायचा विचार सोडून द्या. सीलबंद नळीचा रॉड घरी दुरुस्त होत नाही. टेप गुंडाळून तर नाहीच. उन्हाळाभर माळ्यावर पडलेला रॉड नोव्हेंबरात पहिल्यांदा लावताना खटका पडला, तर 'पुन्हा एकदा लावून बघू' म्हणू नका. इलेक्ट्रिशियनकडे मेगर नावाचं यंत्र असतं, तो दोन मिनिटांत सांगतो की आत ओल शिरली आहे का.

आणि पिन. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. भिंतीतला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मग सॉकेट काळा पडतो, पिन गरम होते, आणि आपण म्हणतो रॉड खराब आहे. मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, आणि तो नसेल तर १००० वॅटचा रॉड घ्या. पाणी तापायला दहा-बारा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. तिसरी जाड पिन तोडून दोन पिनी सॉकेटमध्ये घुसवणारे महाभाग प्रत्येक हॉस्टेलात असतात. ती पिन अर्थिंगची. चीर पडलेल्या नळीतून वीज बाहेर आलीच, तर तुमच्याऐवजी जमिनीत जावी म्हणून ती दिलेली असते. घरमालकाला विचारायचं असेल तर एकच विचारा: बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का? साधा एमसीबी वायरिंग वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतं. आणि पाणी तापलं का हे बोटानं बघायचं असेल, तर आधी पिन काढून.

सिगडीची तार तुटली तर

कॉइलची सिगडी बहुतेक हॉस्टेलांत बंदीच्या यादीत असते आणि बहुतेक मजल्यांवर एखादी तरी सापडते. वॉर्डनची बाजू मी घेणार नाही, पण त्यांचा धसका खोटा नाही. उघड्या तारेत वीज खेळत असते. स्टीलचं पातेलं, ओला चमचा, उतू गेलेलं दूध, एवढं पुरतं. ज्यांच्या खोलीवर परवानगी आहे, त्यांच्यासाठीच पुढचं.

तार तुटली की आपण काय करतो? दोन्ही टोकं ओढून एकमेकांत पिळतो. सिगडी पुन्हा लाल होते, बहुधा आधीपेक्षाही जास्त, आणि आपण खूश. इथंच अकरावीचं फिजिक्स कामी येतं. १००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम. पिळण्यात दहावा हिस्सा तार कमी झाली, तर रोधही दहा टक्के घटतो आणि सिगडी १००० ऐवजी सुमारे ११०० वॅट खायला लागते. ही जास्तीची उष्णता आता आधीपेक्षा आखूड तारेवर पडते. दर इंचाचा हिशेब केला तर भार जवळपास २३ टक्क्यांनी वाढला. म्हणून जोडलेली कॉइल आठवड्यात पुन्हा तुटते. पुन्हा जोडली की आणखी आखूड, आणखी लाल, आणखी लवकर. शिवाय पिळलेली गाठ सैल असते, तिथं ठिणग्या उडतात. नवी कॉइल फार महाग नसते. तीच आणा.

बसवतानाही एक हातखंडा आहे. कॉइल हळूहळू, सगळीकडून सारखी ताणायची, चिनीमातीच्या प्लेटच्या खाचेत पूर्ण पुरेल इतकी. घाईत खेचली की काही वेढे सुटतात, काही दाटच राहतात. दाट वेढे एकमेकांना तापवतात आणि तार तिथंच तुटते. सिगडी लावून अंधारात एकदा बघा. सगळीकडे सारखी लाली असली पाहिजे. एखादी जागा जास्त उजळ दिसली, तर पुढची तुटण्याची जागा तीच. पण हात लावायचा तो पिन काढून आणि गार झाल्यावर.

दूध उतू गेलं, मीठ सांडलं, मॅगीचं पाणी पडलं, तर ते तारेवर जळून चिकटतं आणि तिच्या चिलखताला खातं. गार झाल्यावर कोरड्या ब्रशनं झटका. आणि दर दोन मिनिटांनी चालू-बंद करायची सवय सोडा. तापताना धातू जितका फुगतो तितका त्याच्यावरचा थर फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी थराला बारीक तडे जातात. तारांचं आयुष्य मोजायची प्रयोगशाळेतली रीतसुद्धा हीच आहे: तार तुटेपर्यंत सतत चालू-बंद करत राहायचं.

इस्त्री आणि केटलचं फार सांगत नाही. केटल महिन्यातून एकदा लिंबूसतानं धुवा, आणि पाणी संपल्यावर तळ कोरडा तापू देऊ नका. इस्त्रीची वायर गरम इस्त्रीलाच गुंडाळू नका. तिथं कॉइल टिकते, वायर मरते.

आणि ती दुसरी कॉइल

आता खिशातल्या कॉइलकडे. व्हेपमध्ये कँथलची किंवा नायक्रोमची चिमुकली कॉइल असते, तिच्यात कापसाची वात, आणि वात भिजलेली असते प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाच्या रसायनांच्या पातळ द्रावात. बटण दाबलं किंवा झुरका ओढला की कॉइल तापते आणि द्रावाची वाफ होते. रॉडमधलं पाणी जे काम करतं, तेच इथं द्राव करतो: उष्णता ओढून नेतो. वात कोरडी पडली की कॉइल गुदमरते, कापूस जळतो, आणि तो प्रसिद्ध जळका वास येतो. गोड 'फ्लेवर' असेल तर त्यातला गोडवा कॉइलवर जळून काळा लेप बसतो. आपल्या खारासारखाच.

त्यामुळे सीनियर जे सल्ले देतात ते शास्त्राला धरूनच असतात. वात भिजू दे, पॉवर कमी ठेव, झुरक्यामागून झुरका ओढू नको, गोड घेऊ नको. रॉडवाल्यालाही मी हेच सांगितलं, शब्द वेगळे.

मग दोन्हीकडे उत्तर सारखंच का नाही? कारण रॉडच्या अंगावरून झडलेलं बादलीत पडतं आणि मोरीतून जातं. इथं बादली नाही. कॉइलवरून जे निघतं ते छातीत जातं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची त्यांची स्वतःचीच उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रावात धातू फार नव्हते. तोच द्राव कॉइलला लागून वाफ झाला, तेव्हा त्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज वाढलेले सापडले. बऱ्याच नमुन्यांत ते घातक पातळीवर होते. वर मार्शच्या मिश्रधातूत जे निकेल-क्रोमियम सांगितलं ना, तेच हे. चहाच्या सिगडीत ते तारेवर बसून राहतं म्हणून गुणी. श्वासात आलं की फुप्फुसाला नको असलेला पाहुणा.

याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. जे लोक कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या वाफेत धातू जास्त आढळण्याकडे कल होता. नवी कॉइल धातू अधिक सहज सोडत असावी, असा संशोधकांचा कयास. म्हणजे जुनी ओढत राहिलात तर जळलेला लेप, नवी टाकली तर ताजे धातू. मधली सुरक्षित जागा कोणती, हे कुणी सीनियर सांगू शकत नाही. शिवाय कोरड्या, जास्त तापलेल्या कॉइलवर ग्लायकॉल आणि ग्लिसरीन मोडून त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं. बायोलॉजीच्या लॅबमधल्या बरण्यांतून जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, त्यातलं द्रव्य ते हेच.

रॉड विकणाऱ्याला निदान मानक पाळावं लागतं. व्हेपचं तसं नाही. केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी घातली. त्यामुळे बाजारात जे काही आहे ते चोरीछुपे आलेलं. त्याच्या कॉइलमध्ये कोणता धातू आहे, झाळणात शिसं आहे का, द्रावात पाकिटावर लिहिलं तितकंच निकोटिन आहे का, हे तपासणारं कुणी नाही. आणि 'मी थोडीच विकतो, मित्राला एक्स्ट्रा पॉड दिला आणि पैसे घेतले' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: कायद्याच्या भाषेत ती विक्रीच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा सांभाळला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. होस्टेलच्या कपाटात दुसऱ्याची पिशवी 'ठेव जरा' म्हणून ठेवून घेणाऱ्यांनी हे दुसरं कलम नीट वाचावं.

काही जण प्रामाणिकपणे सांगतात, की खर्रा सुटावा म्हणून व्हेप धरलं. नागपुरात हे कारण कानावर येतंच. पण दोन्हींत निकोटिनच आहे, आणि तलफ त्याची असते. कुणाला खरंच सोडायचं असेल, तर सिगारेटच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर मोफत आहे. तिथं प्रवचन देत नाहीत, सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर फोन करून विचारपूस करतात.

बाजारात गेल्यावर

रॉड किंवा कॉइल घ्यायला गांधीबागेत जायचं असेल, तर आता मेट्रोनं अग्रसेन चौकात उतरता येतं. गाडी नेलीत तर पार्किंगमध्येच अर्धा तास जाईल. दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, "कितीचा दाखवू, भाऊ?" त्याला किंमत सांगू नका, वॅट सांगा. आधी खोलीतला सॉकेट बघून जा आणि त्याप्रमाणे १००० किंवा १५०० मागा. रॉडवर आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे. त्यात तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का आणि कोणत्या कंपनीचा आहे, हे दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या कळतं. खोक्यावरचं नाव एक आणि ॲपमधलं दुसरं निघालं, तर रॉड परत काउंटरवर ठेवा.

दोन रॉड हातात घेऊन वजन करून बघा. नळी जाड आणि पावडर ठासून भरलेली असेल, तो जड लागतो. पिन तीनच हव्यात, आणि टोपीपाशी वायर हलता कामा नये. सिगडीची कॉइल घेताना जुनी सोबत न्या आणि वॅट सारखाच घ्या. २००० वॅटची कॉइल १००० च्या प्लेटमध्ये घातली तर प्लेट तडकते, पण दुकानदार मागितलं तर देतो, कारण त्याला वाटतं तुम्हाला माहीत असेल. बिल घ्या, वॉरंटीचं कार्ड तिथंच शिक्का मारून घ्या. आणि जुना रॉड भंगारात देताना त्याची वायर टोपीपासून कापून टाका, नाहीतर कुणीतरी तो उचलून पुन्हा बादलीत लावेल.